लांब पल्ल्याचं वल्हं

भोजराजला बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं. अख्ख्या बालाघाटात असा माणूस सापडायचा नाही. लग्नाच्या पंगतीत हा वाढप्यांच्या मागं उभ्याउभ्या जेवून घ्यायचा. न्हाव्याकडे गेला तर अर्धी दाढी झाली की उठायचा आणि तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर डोकावून यायचा. घरी शीला, म्हणजे त्याची बायको, चहा द्यायची तो अंगणात फेऱ्या मारत संपवायचा. शीलेनं लग्नानंतरची दोन-तीन वर्षं खुर्ची पुढं करून पाहिली. मग तिनं त्या खुर्चीवर पापड वाळवायला सुरुवात केली.

नोकरीही त्याला उभ्याची मिळाली. वैनगंगेच्या घाटावर सिंचनाच्या ऑफिसची पाणी मोजायची पट्टी होती. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, असं तीनदा तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि आठवड्यातून एकदा सरकारी नावेतून या काठापासून त्या काठापर्यंत जात जागोजागी खोली मोजायची. वल्हंही तो उभ्यानंच मारायचा. बसलेल्याला पाण्याचा नुसता चमकारा दिसतो, उभ्याला खालचा खडक दिसतो, असं तो सांगायचा. त्यात काही खोटं नव्हतं. तर अशी सव्वीस वर्षं या गड्यानं नदी आडवी ओलांडली. एका काठावरून दुसऱ्या काठावर, आणि परत. नदीच्या लांबीनं म्हणाल तर खाली एक कोसही गेला नव्हता.

आणि जायचं तर त्याला खालीच होतं. नदीच्या वळणांनी चौदा कोस खाली, पिंपळटोल्याला, त्याची थोरली बहीण दुर्गाबाई राहायची. आई लवकर गेली. याला न्हाऊ घालणारी, शाळेत नेऊन बसवणारी आणि तिथून पळून आला की पुन्हा नेऊन बसवणारी ही बहीणच. तिला तो 'बाई' म्हणायचा. त्या बाईकडे अकरा वर्षं भाऊबीजेला हा गेला नव्हता. काहून गेला नाही, तर ऐका.

पिंपळटोला नदीच्या अलीकडच्या, बालाघाटच्याच काठावर. पण या काठानं जाणारी वाट दिवाळीपर्यंत नाल्यांत बुडालेली असायची. म्हणून पूल ओलांडून वारासिवनीवरून बसनं जायचं, पलीकडच्या काठावर उतरायचं आणि नाव धरायची. अकरा वर्षांमागं भोजराज असाच गेला. उतरला तर घाटावर नाव साखळीला कुलूप घालून बांधलेली आणि नावाडी गायब. तोही कुणाचा तरी भाऊच की. भाऊबीज म्हणून तो आपल्या बहिणीकडे गेलता. भोजराज पलीकडे उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडला. नदीच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं? दिवस बुडाल्यावर समोरच्या काठावर त्याला एक दिवा दिसला. बाई ताट घेऊन आली होती. भाऊ आला नाही की बहिणीनं चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. बाईनं बीजेच्या कोरीला ओवाळलं आणि ती घरी गेली. हा शंभर-दीडशे वाव लांब उभा राहून बघत होता. त्या रात्रीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. शीलेलासुद्धा दोन वर्षांनी सांगितलं.

तेव्हापासून याचं एकच पालुपद, पुढच्या वर्षी नदीनंच जाईन. दसरा झाला की हे पालुपद सुरू व्हायचं आणि दिवाळीत पट्टी, रजा, पाणी, गुडघा असं काहीतरी आडवं यायचं. घाटावरचे लोक विचारायचे, निघाला का भोजराज? हा म्हणायचा, हौ, निघूनच राह्यलो. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायची. पुन्हा काठावर उभं राहून तोच दिवा लांबून पाहावा लागला तर काय, ही भीती.

पण नव्याण्णव सालच्या दसऱ्याला बाईचं कार्ड आलं. भाचा प्रीतम भिलाईला नोकरीला होता, त्याला क्वार्टर मिळालं होतं. दिवाळी झाली की तो आईला कायमचं घेऊन जाणार होता. घराला कुलूप. कार्डाच्या शेवटी गुरुजींकडून लिहून घेतलेली एक ओळ होती, की यंदा मी नदीवर ओवाळीन ते शेवटचंच. भोजराजनं ते कार्ड उभ्यानं वाचलं, फिरत वाचलं, मग खिशात ठेवून घाटावर जाऊन पुन्हा वाचलं. यंदा पुढच्या वर्षाची पळवाट नव्हती.

रजेची सोय शीलेनंच केली. ती म्हणाली की एक दिवस आकडे मी वाचते, सव्वीस वर्षं तुमच्या तोंडून तेच तर ऐकून राह्यली. सरकारी नाव न्यायची नव्हती, तिचं वल्हंही नव्हतं न्यायचं. डोंगा पुनारामचा. पुनाराम ढीवर, मासे धरणारा, भोजराजचा जुना दोस्त. त्याची सासुरवाडी तिकडेच होती, तेव्हा डोंगा नंतर तोच परत आणणार होता. पुनाराम डोंगा बांबूनं ढकलायचा, तेव्हा राहिलं वल्हं.

आता तुम्ही म्हणाल, वल्ह्यात एवढं काय ठरवायचं? लाकडाचा दांडा, पुढं पातं, झालं. हे भोजराजसमोर म्हणून बघायला पाहिजे होतं. सरकारी नावेचं वल्हं होतं आडव्या कामाचं. कपाळाएवढं उंच, पातं चांगलं रुंद. धारेत शिरलं की असलं वल्हं पाण्याला घट्ट धरतं, एका हिसक्यात डोंग्याचं तोंड वळवतं, लाटेवर चढवतं आणि सांभाळून उतरवतं. पण त्यानं दोन कोस मारून बघा. खांदे निखळून हातात येतील. लांब जायचं तर वल्हं उंच हवं, हात वर केला की मनगटाला लागेल असं, म्हणजे कंबर वाकत नाही. पातं अरुंद हवं, म्हणजे एका वेळी थोडंच पाणी ओढलं जातं आणि माणूस दिवसभर ओढू शकतो. दांडा वेळूचा, पातं शिवणीच्या हलक्या लाकडाचं. हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं मनातल्या मनात ती वाट वल्हवून हे त्यानं काढलं होतं.

पण पिंपळटोल्याच्या दीड-दोन कोस अलीकडे खडकाळ धार होती, आणि तिथं हेच उंच वल्हं घात करणारं. म्हणून पंधरा दिवस याची घालमेल चालली. सकाळी लांब ठरायचं, दुपारी रुंद. शीला भाकरी थापत असली की हा उलथनं घेऊन तिच्यामागं उभा राहून हात चालवून बघायचा. एकदा परातीतलं पीठ सांडलं. शीला म्हणाली, एकदाचं काय ते ठरवा, नाहीतर मीच पोहत जाऊन ओवाळून घेते. शेवटी वसुबारसेला तो हिरालालकडे गेला. रस्ता लांबचा, तेव्हा वल्हं लांबचं. धारेचं धारेत पाहू, असं त्यानं ठरवलं.

हिरालाल सुतार स्टेशनाकडे राहायचा. चांगला कारागीर, पण आयुष्यभर दारं-खिडक्याच केलेला आणि बोलणं सगळं हिंदी. भोजराज तिथंही बसला नाही. दारातच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, अर्धं मराठी अर्धं हिंदी, असं बालाघाटात आपण सगळे बोलतो तसं, म्हणाला, "हिरालाल, मले लंबे पल्ले का चप्पू पाह्यजे. एकदम लंबा पल्ला. बाकी तुले समजते." आणि माप-बिप काही न देता निघून गेला. जरा टेकला असता, खडूनं फळीवर दोन रेघा ओढल्या असत्या, तर ही गोष्टच झाली नसती.

पाडव्याच्या सकाळी तो वल्हं आणायला गेला. हिरालाल दुकानाला कुलूप लावून कटंगीला आपल्या बहिणीकडे निघाला होता. त्यानं कौतुकानं कापड बाजूला केलं. भोजराजनं पाहिलं. दांडा जेमतेम दीड हात. त्याच्या पुढं गुळगुळीत रंधा मारलेली, कडा गोल केलेली, सागवानाची ही एवढी रुंद फळी. चांगली अडीच हात लांब. खिडकीचं दारच म्हणा ना.

"हे काय करून ठेवलं?" भोजराज म्हणाला.

"आप ही तो बोले थे, भैया. लंबे पल्ले का," हिरालाल म्हणाला. "इससे लंबा पल्ला तो दरवाजे में लगता है."

मग भोजराजच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या मराठीत लांबचा पल्ला म्हणजे लांबचं अंतर. हिरालालच्या हिंदीत पल्ला म्हणजे दाराची फळी. जन्मभर दोन्ही भाषा एका तोंडानं बोलणाऱ्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. त्याला हिरालालचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. भांडायला हिरालालला वेळ नव्हता, त्याची बस सुटत होती. भोजराज ते धूड खांद्यावर घेऊन घरी आला. रस्त्यात तिघांनी विचारलं, खिडकी बसवून राह्यले का?

दुपारभर त्यानं अंगणात स्वतःच खटाटोप केला. परसातला वेळू तोडला, जुन्या देवळीची शिवणीची फळी काढली, तासून अरुंद केली, तार आवळून दांड्याला बसवली. सुताराची सफाई नव्हती, पण उंची बरोबर होती आणि वजन हातात जाणवत नव्हतं. हिरालालचं धूड त्यानं कोपऱ्यात भिरकावलं होतं. दुसऱ्या दिवशी फटफटताना तो घाटावर निघाला तेव्हा शीलेनं ते उचलून आणलं आणि डोंग्यात टाकलं. तो चिडला. एवढं ओझं काहून, म्हणाला.

"राहू द्या," शीला म्हणाली. "दुसरं काही नाही तं बसाले तरी होईल."

"मी काय बसतो," भोजराज म्हणाला आणि त्यानं डोंगा लोटला.

पहिले चार कोस असे गेले की त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. पाणी संथ, वल्हं हलकं, अंग ताठ. पुलाखालून गेला तेव्हा वर कुणीतरी ओळखून हाक मारली, त्यानं हात केला. सव्वीस वर्षं ज्या नदीची नुसती रुंदी माहीत होती तिची लांबी पायाखालून सरकत होती. काठ बदलत होते, घाटावर बायका भांडी घासत होत्या, आणि पट्टी वाचायची वेळ झाली की तिकडे शीला उभी असेल, हे आठवून त्याला हसू येत होतं.

पण स्वस्थ राहील तो भोजराज कसला. दुपार झाली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. वेग कमी पडतोय का? रुंद पात्यानं जास्त ओढलं गेलं असतं का? त्यानं हिरालालचं वल्हं उचललं. चाळीस-पन्नास हात मारले, डोंगा सपाट्यानं पुढं गेला आणि खांदा भरून आला. मग पुन्हा लांब. मग एका वळणावर पुन्हा रुंद. प्रत्येक बदलात डोंगा आडवा व्हायचा, तो सरळ करण्यात वेळ जायचा. हे त्याला कळत होतं आणि तरी हात थांबत नव्हते. जेवायचा डबा त्यानं उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावायला विसरला. सूर्य कलला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एवढ्या फेरफारीत आपण तासभर तरी घालवला. अरे बाबा, बीजेची कोर थांबत नसते. दिवस बुडाला की दिसते आणि गावात जेवणं व्हायच्या आत मावळते. तेवढ्यात पोचलं तर बहीण भावाला ओवाळणार, नाही तर पुन्हा चंद्राला.

या घाईत धार आली. धारेच्या वरच वल्हं बदलायचं, हे दोन वल्ही जवळ असताना उघडच होतं. आणि नेमकं तिथंच त्यानं बदललं नाही. बदलण्यात वेळ जातो, आता नाही बदलायचं, असं त्यानं तासाभरापूर्वीच स्वतःला बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर कायम राहिला तो नको तिथं. पहिल्या दोन लाटा निघाल्या. तिसरीला डोंग्याचं तोंड फिरलं, त्यानं उंच वल्हं खाली टेकवून जोर दिला, पातं दोन खडकांत अडकलं आणि वेळू मधोमध फाटला. अर्धा दांडा हातात राहिला. डोंगा आडवा होऊन खडकाकडे निघाला.

विचार करायला वेळ नव्हता. त्यानं हातातलं टाकलं आणि हिरालालचं धूड उचलून पाण्यात घातलं. ती अडीच हातांची फळी पाण्याला अशी भिडली की डोंगा जागच्या जागी थबकला. एक हिसका, तोंड वळलं. दुसरा हिसका, खडक बाजूनं गेला. गुडघे वाकवून, फळी मागं टेकवून तो लाटेच्या पाठीवर उभा राहिला आणि लाटेनंच त्याला खाली संथ पाण्यात नेऊन सोडलं. त्यानं मनातल्या मनात हिरालालची माफी मागितली.

पण पुढं दीड कोस सपाट पाणी होतं, हातात फक्त हे वल्हं होतं आणि सूर्य झाडांना टेकला होता. त्या दीड कोसाचं काय सांगावं. दर हाताला खांद्यातून कळ निघायची. तळहात सोलले. एकदा वाटलं की जरा टेकावं, आणि तो टेकला नाही. अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवा समोर दिसत होता, त्याच्याकडे पाहत तो ओढत राहिला. दिवस बुडाला. पलीकडच्या झाडांवर बारीक कोर दिसायला लागली. तो तिला म्हणाला, थांब बये. कोर काही थांबली नाही, हळूहळू खालीच चालली.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा काठावर दिवा होता. दुर्गाबाई एकटीच ताट घेऊन पाण्यापाशी उभी होती. साठी उलटलेली बाई, डोक्यावर पदर, तोंड मावळतीकडे. भोजराजनं ओरडण्यात दम न घालवता वल्हं मारलं. तिनं ताट उचललं. चंद्राला एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला तिचा हात निम्म्यातच थांबला. चंद्र आणि ताट यांच्या मधोमध, पाण्यावर, एक माणूस उभा होता.

"भोजा?" बाई म्हणाली.

"हौ, बाई," तो कसाबसा म्हणाला. "आलो."

ती रडली नाही. तिला तेवढी सवड नव्हती. कोर झाडांच्या शेंड्यांत शिरली होती आणि चंद्र मावळायच्या आत ओवाळायचं, हे तिनं केव्हाच धरून ठेवलं होतं. घरी जाऊन पाट आणावा तर उशीर. ओल्या वाळूवर भावाला कसं बसवायचं? ती इकडे-तिकडे पाहू लागली. भोजराजनं काठाला लावलेल्या डोंग्यातून ती सागवानाची फळी ओढून काढली, दांडा मागं करून वाळूवर आडवी ठेवली आणि मांडी घालून तिच्यावर बसला. हिरालालनं जसा काही पाटच करून दिला होता.

बाईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. शीलेनं बांधून दिलेलं लुगडं अर्धं भिजलं होतं, ते त्यानं ताटात ठेवलं. ती ते हातात घेऊन उभी राहिली.

"अकरा वर्सं चंद्राले ओवाळलं," ती म्हणाली. "तो उभाच राहे. चंद्राले बस नाही म्हनता येत, भोजा."

कोर गेली. ताटातला दिवा वाऱ्यानं फडफडला आणि विझला. बाईनं डोळे पुसले, लुगडं काखेत घेतलं आणि म्हणाली की ऊठ आता, घरी चल, भात निवून राह्यला. ती चार पावलं गेली. मागं पाहिलं तर भोजराज तिथंच होता.

"तू हो पुढं, बाई," तो म्हणाला. "मी जरा बसतो."